बॅटरी बदलून बघू

जुन्या मोटरसायकलचा हॉर्न घोगरा झाला, इंडिकेटर उघडझाप सोडून नुसता मिणमिणायला लागला, की मोहोळच्या कुठल्याही गॅरेजात पहिलं वाक्य ऐकू येतं ते ‘बॅटरी बदलून बघू’. मालकाला ते पटतं, कारण त्याला गाडी तासाभरात परत हवी असते. गॅरेजवाल्याला पटतं, कारण बॅटरीवर चार पैसे सुटतात. बॅटरी विकणाऱ्याला तर पटतंच. नवी बॅटरी भरलेली येते, त्यामुळे हॉर्न तिथल्या तिथे खणखणीत वाजतो आणि दुखणं गेलं यावर तिघांचंही एकमत होतं. पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा दारात. मग ‘रेक्टिफायर टाकून बघू’, मग ‘कॉइल भरून आणू’, आणि शेवटी ‘सगळी वायरिंगच गेलीय ओ तुमची’. एवढं सगळं बदलून होतं, पण तोवर मीटर एकदाही लागलेला नसतो.

मोहोळ तालुका सीना आणि भीमा या दोन नद्यांच्या बेचक्यातला. पुणे–सोलापूर महामार्ग इथून जातो, पंढरपूरचा रस्ता इथेच फुटतो, वैरागमार्गे बार्शीकडे जाणाराही इथूनच. टाकळी सिकंदरला भीमा कारखाना, अनगरला लोकनेते; दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू झालं की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या मोटरसायकली. चिंचोळीच्या एमआयडीसीत पाळीला जाणारा कामगार, वस्तीवरून डेअरीला कॅन पोचवणारा, मुलीला कॉलेजात सोडून पुढे बाजारला जाणारा, यांच्याखाली बहुतेक वेळा नवी गाडी नसते. एमएच १३ पाटीची वीस वर्षं वापरलेली स्प्लेंडर, पॅशन, बॉक्सर, सीटी हंड्रेड, पहिल्या पिढीची पल्सर. हौशी मंडळींकडे आरएक्स हंड्रेड आणि लोखंडी इंजिनची बुलेट.

या गाड्यांचं चार्जिंग हा इथे चैनीचा विषय नाही. शेतीची वीज काही दिवस रात्रीची असते. पाळी आली की मध्यरात्री मोटर चालू करायला किंवा दारं धरायला निघावं लागतं, तेही विंचूकाट्याच्या वाटेनं. त्या वेळी हेडलाइट किती अंतरापर्यंत पोचतो आणि मागचा लाल दिवा महामार्गावरच्या ट्रकवाल्याला दिसतो की नाही, यावर बरंच काही अवलंबून असतं.

यंत्रणा म्हणाल तर सुटसुटीत. स्प्लेंडरच्या इंजिनच्या डाव्या झाकणाआड क्रँकच्या टोकावर एक जड वाटी फिरते, तिच्या आतल्या अंगाला चुंबकं बसवलेली असतात. मिस्त्री तिला मॅग्नेट म्हणतात. तिच्या पोटात तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या एका जागी घट्ट बसलेल्या, ही कॉइल प्लेट. चुंबक फिरलं की तारेत वीज तयार होते, हे मायकेल फॅरडेनं १८३१ साली दाखवलं. ही वीज दिशा बदलत राहणारी, एसी. बॅटरीला हवी असते एकाच दिशेची, डीसी. शिसं आणि तेजाबाची, पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांतेनं १८५९ मध्ये बनवली, आणि आपल्या जुन्या गाडीची बॅटरी अजून त्याच रसायनावर चालते. या दोघांच्या मधे बसतो रेक्टिफायर-रेग्युलेटर. गॅरेजच्या भाषेत आरआर, किंवा नुसताच रेक्टिफायर. तो एसीची डीसी करतो आणि व्होल्टेज साडेचौदाच्या आसपास रोखून धरतो. रेस वाढली की कॉइल गरजेपेक्षा जास्त वीज करते. ती जास्तीची वीज जुना आरआर उजनी धरणाच्या सांडव्यासारखी थेट अर्थकडे सोडून देतो. म्हणूनच तो तापतो आणि म्हणूनच त्याच्या पाठीवर ॲल्युमिनियमची उभी पाती असतात. चिखलानं लिंपलेला किंवा हौसेच्या कव्हरखाली दडपलेला आरआर लवकर का जातो, हे यावरून लक्षात यावं.

आता खरी मेख. हिरो होंडानं १९८५ मध्ये सीडी हंड्रेड आणली, १९९४ मध्ये स्प्लेंडर. या घराण्याच्या जुन्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर चालतच नाही. कॉइलमधून एक पिवळी तार निघते ती हेडलाइटची, एक पांढरी निघते ती बॅटरी भरायची. प्लगच्या ठिणगीसाठी तिसरीच वेगळी गुंडाळी असते. त्यामुळे बॅटरी काढून घरी ठेवली तरी गाडी एका किकमध्ये सुरू होते, पळते आणि समोर उजेडही पाडते. बॅटरीकडे उरतात हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकचा दिवा आणि न्यूट्रलचा हिरवा ठिपका.

ही सोय खेड्यापाड्यांत फार उपयोगी ठरली, पण तिनं एक गैरसमजही रुजवला. रेस दिली की हेडलाइट वाढतो, म्हणजे चार्जिंग चालू आहे, असं भले भले मिस्त्री सांगतात. या गाड्यांवर त्या चाचणीचा काही उपयोग नाही. पिवळी तार ठणठणीत असताना पांढरी पूर्ण मेलेली असू शकते. गाडी रोज पळत असते, रात्री समोरचं दिसत असतं, त्यामुळे चार्जिंग बंद पडून महिने उलटले तरी मालकाला पत्ता नसतो. कळतं तेव्हा बॅटरी खोलवर उतरून तिच्या प्लेटांवर पांढरा थर धरलेला असतो. मग दोष बॅटरीवर येतो, कारण मेलेली तीच दिसते.

मोहोळच्या हमरस्त्यालगत एक गॅरेज आहे. पत्र्याचं शेड, बाहेर निंबाच्या झाडाला टांगलेल्या ट्यूबा, आत एका फळीवर काळा-पिवळा मल्टीमीटर. मिस्त्रींनी नाव छापू नका म्हणून बजावलं. कारण विचारलं तर म्हणाले, “लोक नुसतं तपासून घ्यायला येतील आन् पार्ट सोलापुरातनं आणतील.”

त्या सकाळी दुधाचे कॅन उतरवून एक तात्या आपली स्प्लेंडर घेऊन आले. किकची गाडी, अडीच अँपिअर-अवरची छोटी बॅटरी. वर्षभरात दुसरी बॅटरी बसवलेली, मधे कुणीतरी आरआरही नवा टाकलेला. तरीही हॉर्न घोगरा आणि इंडिकेटर मेलेले. “आता कॉइल भरून द्या,” तात्यांनी येतानाच निकाल आणला होता.

मिस्त्रींनी पाना उचललाच नाही. चावी फिरवली, हॉर्न दाबला. घरघर. किक मारून गाडी चालू केली, पुन्हा हॉर्न दाबला. चांगला मोठा वाजला. गाडी बंद, पुन्हा घरघर. मग त्यांनी बॅटरी काढली, दोन तारा घेतल्या आणि हॉर्न थेट बॅटरीला जोडला. शेडमधल्या चिमण्या उडाल्या.

अर्धं निदान इथेच झालं होतं. बॅटरी एकटी असताना हॉर्न जोरात वाजवते, म्हणजे तिच्यात जीव आहे. गाडीत बसवली की तोच हॉर्न घरघरतो, म्हणजे बॅटरीतली वीज हॉर्नपर्यंत पोचत नाही. आणि इंजिन चालू असताना हॉर्न सुधारतो, म्हणजे आरआरकडून वीज येते आहे. कॉइल भरायची बात इथेच संपायला हवी. तरी मिस्त्रींनी मीटर लावला, कारण तात्यांना कानावर भरवसा नव्हता.

बॅटरीच्या दोन टोकांना मीटर: १२.१. शिशाच्या बॅटरीचं एक घर सुमारे २.१ व्होल्टचं, अशी सहा घरं; पूर्ण भरलेली, थोडा वेळ निवांत ठेवलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२.१ म्हणजे निम्म्याहून जास्त रिकामी. गाडी चालू करून रेस दिली: १२.४. हा आकडा तेरा-साडेतेराच्या पुढे जायला हवा होता. इथवर सगळे जण येतात आणि ‘चार्जिंग नाही’ म्हणून मोकळे होतात. मिस्त्री पुढे गेले. मीटरची लाल सुई आरआरच्या सॉकेटात लाल तारेच्या मागून खुपसली, काळी बॅटरीच्या वजा टोकाला. रेस दिली. १४.३.

आरआर १४.३ देतोय आणि बॅटरीला १२.४ मिळतंय. जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच गायब. वाट हातभराची, आणि त्या वाटेत बॅटरीशेजारी एक काचेचा फ्यूज असलेली प्लॅस्टिकची डबी. फ्यूज आधीच्या सगळ्यांनी पाहिला होता. आतली तार शाबूत, म्हणून चांगला ठरवून सोडून दिला होता. मिस्त्रींनी तो नखानं उचकटून काढला तेव्हा त्याच्या पितळी टोपीवर आणि डबीच्या दोन्ही पकडींवर हिरवट बुरशी दिसली. एक पकड ढिली होऊन काळी पडलेली. आधीच्या बॅटरीतून उडालेलं तेजाब आणि गाडी धुतानाचं पाणी, दोन्ही तिथेच मुरत आलं होतं. फ्यूज शाबूत, पण त्याला धरणारे हात गंजलेले. दीड-दोन अँपिअर गेले की तिथेच दोन व्होल्ट गळायचे.

डबी बदलली. रेस दिली: १३.९. हॉर्न गाडी बंद असतानाही वाजला.

मिस्त्रींनी दीडशे रुपये सांगितले. तात्यांचा चेहरा पडला. “डबीचे वीस, आन् बाकीचे कशाचे?” दोन बॅटऱ्या आणि एका आरआरचे पैसे त्यांनी बिनबोभाट मोजले होते, कारण तेव्हा प्रत्येक वेळी हातात खोका मिळाला होता. या वेळी खोका नव्हता. घासाघीस होऊन शंभरावर मिटलं.

या धंद्यातली सगळी गोची त्या शंभर रुपयांत आहे असं मला वाटतं. पार्ट बदलला तर गिऱ्हाईक पैसे देतं. दोष शोधायला अर्धा तास घातला तर तो अर्धा तास फुकट धरला जातो. डॉक्टरच्या तपासणी फीबद्दल आपण तक्रार करत नाही, पण मिस्त्रीनं तपासणीचे पैसे मागितले की तो लुटारू ठरतो. मग तो ‘बदलून बघू’ म्हणायला शिकतो, आणि त्यात त्याचाही दोष फारसा नाही. बदललेला पार्ट चुकीचा निघाला तरी पैसे खिशात आलेले असतात.

वाटेत गळणाऱ्या व्होल्टची चाचणी आणखी सोप्या रीतीनंही करता येते. गाडी चालू ठेवून मीटरची एक सुई आरआरच्या लाल टोकावर आणि दुसरी थेट बॅटरीच्या अधिक टोकावर धरायची. दोन्ही एकाच तारेची टोकं, तेव्हा मीटरनं शून्याच्या जवळ काहीतरी दाखवायला हवं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की त्या वाटेत कुठेतरी कचरा आहे. तसंच बॅटरीचं वजा टोक आणि इंजिनचं उघडं लोखंड यांच्यात धरायचं. जुन्या गाडीला दोनदा रंग मारलेला असतो आणि अर्थची तार कुणीतरी रंगावरच आवळलेली असते. कानसीचे चार फटके मारून लोखंड उघडं केलं की कित्येक ‘कॉइल गेलेल्या’ गाड्या बऱ्या होतात. याला खर्च काहीच नाही, म्हणून बिलही नाही, म्हणून ही तपासणी सगळ्यात शेवटी होते.

आरआरचं सॉकेट हे दुसरं बदनाम ठिकाण. पिन थोडी ढिली झाली की तिथे विरोध वाढतो, विरोधानं ती तापते, तापल्यानं आणखी ढिली होते आणि एक दिवस प्लॅस्टिक वितळून पिना एकमेकींना चिकटतात. नवा आरआर त्याच जळक्या सॉकेटात बसवणं ही नेहमीची चूक. तोही जातो, आणि मग कंपनीच्या मालाला शिव्या.

उलट बाजूचा रोगही असतो. रेस दिली की मीटर साडेपंधरा-सोळा दाखवतो, बॅटरीचं पाणी दर आठवड्याला खाली जातं, ओव्हरफ्लोच्या नळीखालचा रंग पापुद्रे धरून सुटतो. हा आरआर रोखायचं काम विसरलेला आहे. हेडलाइटचा बल्ब वारंवार उडत असेल तर स्प्लेंडरसारख्या गाडीत आधी आरआरची हिरवी तार, म्हणजे त्याचा अर्थ, तपासावी. अर्थ सुटला तर जास्तीची वीज सोडून द्यायला त्याला जागाच उरत नाही आणि ती बल्बवर येते. दुकानातून दहा बल्ब नेणारा माणूस हिरव्या तारेचा एक स्क्रू आवळत नाही.

कॉइल खरोखर जात नाही असं नाही. जाते. चुकीच्या ऑइलनं, वर्षानुवर्षांच्या तापानं तारेवरचा इनॅमल करपतो आणि झाकण उघडल्या उघडल्या जळका वास येतो. पण ती गेली हे ठरवताना एक घोटाळा इतक्यांदा होतो की तो सविस्तर सांगायला हवा. पल्सरच्या किंवा नव्या बुलेटच्या काही मॉडेलांत कॉइलमधून तीन एकसारख्या तारा येतात. त्या सॉकेटातून सोडवायच्या, कुठल्याही दोघींत मीटर लावायचा आणि मीटर एसीवर ठेवून रेस वाढवायची. तिन्ही जोड्यांत व्होल्टेज सारखं वाढत गेलं पाहिजे; चांगल्या रेसला ते पन्नासच्या पुढेही जातं. एक जोडी मागे राहिली की ती गुंडाळी आजारी. आणि या तिघींपैकी एकीचाही इंजिनच्या लोखंडाशी संबंध असता कामा नये. मीटरनं बीप दिला की ‘कॉइल बॉडी झाली’.

हाच नियम घेऊन मिस्त्री जुन्या स्प्लेंडरकडे वळतो आणि चांगली कॉइल भंगारात जाते. कारण त्या गाडीत गुंडाळीचं एक टोक कारखान्यातूनच लोखंडाला जोडलेलं असतं. तिथे बीप वाजलाच पाहिजे. पांढरी तार आणि अर्थ यांच्यात एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी विरोध दाखवणारी कॉइल निरोगी असते. स्वस्त मीटरच्या वायरीच स्वतः अर्धा ओहम खातात, म्हणून आधी दोन सुया एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो वजा करायचा. आणि खात्रीच हवी असेल तर पांढरी तार सॉकेटातून काढून, एसीवर, रेसला व्होल्टेज चढतं का हे बघायचं.

कॉइल भरायची वेळ आलीच तर मोहोळसारख्या ठिकाणी एक फायदा आहे. ऊस आणि पाणबुडी मोटर असलेल्या प्रत्येक बाजारगावात वाइंडिंगवाला असतो. उन्हाळ्यात त्याच्याकडे जळक्या मोटरींची रांग लागते. तारेचा गेज, वेढ्यांची संख्या, प्रत्येक दातावर वेढ्याची दिशा, शेवटी व्हार्निश, हे त्याच्या हातातलं काम. जुनी कॉइल उसवताना वेढे मोजून लिहून ठेवणारा वाइंडर मिळाला तर भरलेली कॉइल बाजारातल्या डुप्लिकेटपेक्षा जास्त टिकते. अंदाजे भरणारा मिळाला तर बॅटरी एक तर उपाशी राहते किंवा उकळते.

मॅग्नेट काढायला मात्र पुलरच हवा. हातोडीनं ठोकून काढलेल्या मॅग्नेटमधली चुंबकं तडकतात किंवा सुटतात, आणि मग कॉइल कितीही चांगली असली तरी वीज कमीच.

जुन्या मिस्त्रींची एक चाचणी होती. गाडी चालू ठेवायची आणि बॅटरीची तार काढायची. गाडी बंद पडली तर चार्जिंग नाही, चालू राहिली तर आहे. मैसूरच्या आयडियल जावाच्या गाड्यांवर ती वाढली. हा कारखाना १९६१ ते १९९६ चालला, आणि त्याच्या जावा-येझदींच्या क्रँकवर कार्बन ब्रशचा डायनामो असे, सोबतीला बॅटरीची वीज उलटी फिरू न देणारा कटआऊट. ती सगळी यंत्रणा तांबं, लोखंड आणि स्प्रिंगची. तिला असला धसमुसळेपणा सोसत असे. आजच्या आरआरमध्ये आणि ठिणगी सांभाळणाऱ्या सीडीआयमध्ये सिलिकॉन आहे. चालू इंजिनवर बॅटरी सोडवली की व्होल्टेज शोषून घेणारं कुणी उरत नाही, क्षणभर ते उंच उसळतं आणि एका तपासणीत दोन पार्ट मरतात. तार बॉडीला घासून ठिणगी किती मोठी पडते ते बघण्याचाही हाच परिणाम. पन्नाशीच्या पुढचे मिस्त्री अजून हे करतात, आणि त्यांच्या हाताखालची पोरं त्यांच्याकडूनच शिकतात. मीटर पाचशे रुपयांच्या आत मिळतो. तो न घेण्याचं कुठलंही कारण मला पटलेलं नाही.

बुलेटवाल्यांचं थोडं वेगळं. जुन्या पॉइंटच्या बुलेटला ठिणगी बॅटरीच्या विजेवर मिळते, त्यामुळे चार्जिंग गेलं की ती स्प्लेंडरसारखी लपवून ठेवत नाही. आधी हेडलाइट पिवळा, मग फटफट चुकायला लागते आणि मग मधेच कुठेतरी थांबते. पण तिच्या हेडलाइटच्या घरावर अँपिअरचा काटा दिलेला असतो आणि तो वाचायला आला तर निम्मं काम झालं. चावी दिली आणि पॉइंट मिटलेले असले की काटा दोन-तीन अँपिअर डावीकडे झुकतो. बॅटरीतून वीज जात असल्याचं हे लक्षण. इंजिन धरलं की तो मध्यावर येऊन थोडा उजवीकडे जायला हवा. दिवा लावून नुसती आयडलला उभी केली तर डावीकडे गेला तरी घाबरायचं कारण नाही, त्या रेसला तेवढी वीज तयारच होत नाही. तासभर चालवल्यावरही काटा उजव्या टोकाला चिकटूनच असेल तर बॅटरीतलं एखादं घर शॉर्ट असण्याचा संशय घ्यावा. आणि काटा कशालाच हलत नसेल तर काट्यामागचे नट आधी आवळावेत. सगळी वीज त्याच्यातूनच जाते, तो ढिला तर गाडीच मेली. हौशी पोरं बुलेट सजवताना हा काटा काढून तिथे क्रोमची टोपी बसवतात. सुंदर दिसते.

सजावटीवरून आठवलं. हल्ली अर्ध्याहून जास्त तक्रारी रोगाच्या नसतात, हिशेबाच्या असतात, असं मिस्त्रींचं म्हणणं. हँडलला दोन एलईडी फोकस, मोबाइलचा चार्जर, ट्रकचा हॉर्न. चाळीस वॉटचे फोकस घेतले तर साधारण तीन अँपिअर झाले. अडीच अँपिअर-अवरची बॅटरी त्या हिशेबानं तासभरही पुरत नाही, आणि बॅटरीकडे येणाऱ्या पांढऱ्या तारेची कुवत मूळ इंडिकेटर-हॉर्नपुरती ठरवलेली. स्टँडपासून बाजारापर्यंत आणि परत एवढाच प्रवास असेल तर भरण्यापेक्षा उपसा जास्त. इथे कुठलाही पार्ट बदलून उपयोग नाही, फोकस काढावे लागतात. असं सांगणाऱ्या मिस्त्रीकडे पोरं दुसऱ्यांदा जात नाहीत.

त्याच फोकसची वायर कधी चावीला वळसा घालून थेट बॅटरीवर मारलेली असते. मग गाडी उभी असतानाही वीज झिरपते. रात्री भरलेली बॅटरी सकाळी रिकामी मिळत असेल तर चावी बंद करून, बॅटरीची वजा तार सोडवून, तिच्या आणि टोकाच्या मधे मीटर अँपिअरवर लावायचा. जुन्या साध्या गाडीत तिथे शून्य किंवा नगण्य दिसायला हवं. दिसलं नाही तर एकेक जास्तीची वायर सोडवत जायची. आकडा ज्या वायरीला पडला ती चोर.

सोलापूर जिल्ह्याचा उन्हाळा बेचाळीसच्या वर जातो आणि त्याचा मार शिशाच्या बॅटरीला थंडीपेक्षा जास्त बसतो. तापमान वाढलं की आतली झीज वेगानं होते आणि पाणी उडतं. पाण्याच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड पाणी घालायचं, प्लेटा बुडतील इतकंच. फिल्टरचं पाणी चालतं असं सर्रास सांगितलं जातं, ते चालत नाही. त्यात क्षार उरतात. तेजाब तर नंतर कधीच ओतायचं नाही, कारण उडतं ते पाणी, तेजाब आतच असतं. गेलेली बॅटरी जुन्या पत्र्यात न देता बॅटरीच्या दुकानात द्यावी. नव्या बॅटरीच्या किमतीतून शिशाचे पैसे वजा होतात, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे.

या गाड्या अजून बरीच वर्षं रस्त्यावर राहणार. पंधरा वर्षं झाली की पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर भरायचा, १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षा पाटी बसवायची, एवढं करूनही नव्या गाडीच्या हप्त्यापुढे ते स्वस्तच पडतं. शोरूमच्या नव्या गाड्यांनी मात्र खेळच बदलला आहे. १ एप्रिल २०१७ पासून विकलेल्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत जळतच राहतो. १ एप्रिल २०२० ला प्रदूषणाचा बीएस-सिक्स नियम आला आणि कार्बोरेटर जाऊन बहुतेक गाड्यांत इंजेक्शन आलं. पेट्रोलचा पंप, सेन्सर, ठिणगी, सगळं बॅटरीवर. काहींना तर किकच नाही. बॅटरी पूर्ण बसली असेल तर अशी गाडी चौघांनी ढकलूनही सुरू होत नाही, कारण पंपालाच वीज नाही.

मिस्त्रींकडे आता अशा गाड्याही येतात. लॅपटॉप आणि स्कॅनर घेतलेली पोरं कोड वाचून सेन्सर बदलायला सांगतात. मिस्त्री आधी बॅटरीला मीटर लावतात, कारण व्होल्टेज पडलं की सेन्सर नसलेल्या चुका दाखवतात. वस्तीवर अडकलेल्या गाडीसाठी त्यांनी एक भरलेली बॅटरी आणि दोन जाड जंपर वायरी शेडमध्ये तयार ठेवल्या आहेत. नेऊन लावायचे दोनशे घेतात, आणि त्याला कुणी हरकत घेत नाही, कारण तिथे गाडी डोळ्यांदेखत चालू होते.